अवसेच्या आदल्या दिवशी

विज्ञानाला लाज नसते, असं डॉक्टर सबनीस म्हणत. पालघरच्या वाचनालयात त्यांनी या विषयावर व्याख्यानही दिलं होतं. तासभर ते मानवी शरीराबद्दल बोलले. त्यात कमरेखालचा एकच अवयव आला, तो गुडघा.

मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसत होतो. मुंबईच्या इस्पितळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उमेदीची वर्षं घालवल्यावर ते गावी परतले होते. ताठ मान, कडक इस्त्री. रोग्याचे नातेवाईक शंका काढू लागले की म्हणत, "तुम्हाला काय वाटतं ते घरी ठेवा. काच काय सांगते ते ऐका." काच म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची पट्टी. ती त्यांच्याशी बोलते याबद्दल गावात कोणाला संशय नव्हता.

बायका समोर आल्या की मात्र डॉक्टरांना खोकला येई. मूल होत नसलेल्या बायकांसाठी महिन्यातून एकदा मुंबईहून लेडी डॉक्टर येत. त्या गर्भाशयाच्या अस्तराचा कण काढून देत, सबनीस तो तपासत. बाईची पाळी कधीची, एवढं विचारून ठेवणं त्यांच्याकडे होतं. घिवलीच्या कोळीवाड्यातली हिरा आली तेव्हा मी बाकावरच होतो. डॉक्टर खोकले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "यंदा बोंबील कसे आहेत?"

"बरं हाय," हिरा म्हणाली.

काचेवर पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. एवढे जमलेत त्याअर्थी चोर शिरलाय, असं डॉक्टरांनी धरलं आणि सांगून टाकलं की अस्तराला जुनी सूज आहे, मूल राहणं कठीण. सासूनं हिराला डहाणूला माहेरी धाडलं आणि मुलासाठी दुसरी बघायला घेतली.

पुढं हिरा सुजेवरचं औषध मागायला एकटीच आली. डॉक्टरांनी सुई काढली तशी म्हणाली, "आज नको. उद्या अवस हाय. माझी अवसेला येते, उधानासंगं. मागं तुमी चौदसला बोलावलं, तवा बी सांगनार होते. पन तुमी बोंबलाचं इचारलं."

डॉक्टरांनी सुई ठेवली. तिची जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घालून खिडकीशी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर, बघा." मला जांभळ्या शाईचे शिंतोडे दिसले.

"हे पहारेकरी पाळीच्या तोंडावर दर महिन्याला जमतात. निरोगी बाईतही. अस्तर गळायचं असतं, त्यांचं तिथं कामच असतं. तारीख माहीत असती तर मी याला सूज म्हटलं नसतं. शिकाऊ पोरानंसुद्धा म्हटलं नसतं."

"मंजी मला काय झालंच नाय?" हिरानं विचारलं.

"या काचेत तरी नाही," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले. "सासूबाईंना चिठ्ठी देतो."

"ती वाचनार कोन? तोंडानं सांगा. माझं नाय ती ऐकनार."

रविवारी आम्ही तिघं बोईसरला उतरून घिवलीला गेलो. डॉक्टर अर्ध्या वाटेवरून फिरू नयेत, एवढाच माझा उपयोग. सासू जनाबाई किनाऱ्यावर मासळी वाळत घालत होती. आळीतल्या सगळ्या बाया हजर होत्या.

"ऋतुचक्राच्या अंतिम टप्प्यात," डॉक्टरांनी सुरुवात केली.

"काय म्हनतो ह्यो?"

"मासिक धर्म, म्हणजे..."

"धरमाचं भटाला इचारा!" जनाबाई म्हणाली. बाया हसल्या. डॉक्टर खोकू लागले. "खोकला हाय काय, डागतर? अडुळसा घ्या."

पलीकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथं लवकरच अणू फुटणार होता. इथं एक शब्द फुटत नव्हता.

"पाळी!" डॉक्टर अचानक ओरडले. होडीवरचे पुरुष वळून बघू लागले. "हिची पाळी कधी, ते मी विचारलं नाही. मला लाज वाटली. हिच्या पिशवीला सूज नाही. चूक माझी आहे."

कोणी हसलं नाही. जनाबाईनं हातातली मासळी खाली ठेवली. "तुमाला लाज वाटली, म्हून मी सून घालवली?"

"हो."

"मंग पोर का नाय व्हत?"

"आता तुमच्या मुलाला तपासायला हवं."

"त्याला तपासा, मंगच मी येते," मागून हिरा म्हणाली. सासूनं खाली ठेवलेली मासळी पुन्हा उचलली.

परतताना गाडीत डॉक्टर एवढंच म्हणाले, "लाजलो मी आणि घर गेलं तिचं." त्यानंतर दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बाईला बसायच्या आधी ते तारीख विचारत, तीही बाहेर ऐकू येईल अशी. विचारताना त्यांचे कान लाल होत. ते वारेपर्यंत होत राहिले. काच काय सांगते, हे वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही.

त्यांचं ओरडणं वाऱ्यावर डहाणूपर्यंत गेलं असावं. जनाबाईच्या मुलाची दुसरी सोयरीक काही जमेना; मुलीकडचे आधी "तपासला काय?" असं विचारत. हिरा बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसू लागली. तिचा नवरा तपासणीसाठी बऱ्याचदा पालघरला आला. दवाखान्याच्या समोर सलून होतं. दर वेळी तो केस कापून परत गेला.