बास म्हणणारं पान

लातूरच्या संशोधन केंद्रात मी सोयाबीनच्या मुळांवर काम करते. रोप हलक्या हाताने उपटायचं, मूळ धुवायचं, त्यावरच्या गाठी मोजायच्या. देगलूरला शेती बघणारी माझी थोरली बहीण फोनवर "कशी आहेस" असं कधी विचारायची नाही. "गाठी आल्या का गं?" एवढंच.

त्या पावसाळ्यात तिचा फोन आला, तेव्हा मीच आधी विचारलं, "अक्का, तुझ्या रानात आल्या का गाठी?"

"रानात हायतच," ती म्हणाली. "एक मला बी आलीय. छातीत."

मी तिला लातूरला आणलं. फाईल केली, गोळ्यांच्या डब्यांवर वार चिकटवले, तपासण्यांचा क्रम भिंतीवर लावला. कामं आखली की मला धीर येतो. गाठ मात्र औषधाला दाद देईना. डॉक्टर म्हणाले, दुसरं औषध देऊन बघू.

घरी एकटी नको, म्हणून एकदा तिला केंद्राच्या शेडनेटमध्ये नेलं. टेबलावर एक उपटलेलं रोप होतं. मूळ गाठींनी खच्चून भरलेलं, रोप जेमतेम वीतभर.

"एवढ्या गाठी, आन् असं रोडावलंय का?"

मी सांगितलं. गाठीतले जिवाणू झाडाला नत्र देतात, झाड त्यांना साखर देतं. पुरेशा गाठी झाल्या की पानातून मुळाला निरोप जातो : बास. त्या निरोपामागे एक जीन असतो. या वाणात तो बिघडलाय. मूळ गाठी करतच राहतं, आणि त्यांना पोसता पोसता झाड खुरटतं.

"मग इलाज?"

"चांगल्या झाडाचा शेंडा या मुळावर कलम केला की गाठी आवरतात."

"माझ्यावर बी कर की कलम." डोक्याचा रुमाल सारखा करत ती हसली. "फक्त तुझा शेंडा नको बाई. दिवसभर याद्या करीत बसीन."

मला हसू आलं नाही. "तुझी गाठ वेगळी आहे, अक्का. ही गाठ झाड स्वतःच्या सोयीसाठी करतं."

"ठावं हाय." तिने रोप खाली ठेवलं. "पण बास म्हणायला कुणीतरी लागतंच की. आता मीच म्हणतेय, बास. मला देगलूरला ने. हरभरा पेरायचाय."

मी भांडले. नव्या औषधाच्या तारखा घेऊन झाल्या होत्या. ती सगळं ऐकून घ्यायची आणि पिशवीत साड्या भरायची. शेवटी मीच गाडी सांगितली.

हरभरा फुलात आला तेव्हा ती गेली.

सगळं आटोपून पाहुणे पांगल्यावर मी रानात गेले. एक रोप उपटलं, माती झटकली, एक गाठ नखाने चिरली. आत लालसर गुलाबी. म्हणजे जिवंत, कामाला लागलेली. माती लागलेल्या हातानेच मी मोबाईल काढला आणि सवयीने तिचा नंबर लावला.

फोन तिच्या लेकीने उचलला. "बोल मावशी."

"आल्यात गं गाठी," मी म्हणाले.

पलीकडे ती रडायला लागली.