मायबापाचा अर्ज

नुकत्याच पुसलेल्या टेबलावरचा ओलावा सकाळच्या कोवळ्या उन्हात कडेकडेनं आटत जातो, तळलेल्या लसणाचा गंध पंख्यांच्या वाऱ्यावर तरंगत येतो आणि वाफाळत्या सूपपुढे बसलेल्या माणसाच्या अंतःकरणात अखिल विश्वाविषयी करुणा दाटून येते. बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, माझी ही अवस्था रोज होते. पोट भरत आलं की मी फार थोर माणूस असतो!

त्यात माझा व्यवसायच असा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या परंपरानिष्ठ उमरावांच्या राजकीय विचारांवर मी इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. मोठी लोभस माणसं! उच्चनीच ही ईश्वराचीच योजना, यावर त्यांची अढळ श्रद्धा. आणि म्हणूनच वरच्यानं खालच्याचं मायबाप व्हावं, हाही आग्रह. गिरणीतल्या बायकामुलांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून त्यांच्यातले काही पोटतिडकीनं भांडले. पण त्याच मजुरांनी मताचा हक्क मागितला तेव्हा अनेकांना घेरी आली. लेकरानं जेवावं, झोपावं. घर कसं चालवायचं हे लेकरानं का सांगावं? या विसंगतीवर मी मोठं खवचट प्रकरण लिहीत होतो.

आणि समोर टेबलं पुसत होती आंटी. सत्तरीची चिनी बाई. इथल्या रीतीनं सगळेच तिला आंटी म्हणतात. तिची वाकलेली पाठ मी दोन वर्षं पाहत होतो आणि पाहता पाहता द्रवत होतो. आता पुणेकर द्रवला की काय करतो? अर्ज करतो! ‘या वृद्ध माउलीला बैठं काम द्यावं,’ असं दोन पानी निवेदन मी सफाईच्या ठेकेदाराला धाडलं. खरं सांगू? काही घडावं म्हणून नव्हेच. आमच्याकडे अर्ज हा मनःशांतीचा मार्ग आहे. तो द्यावा, पोच घ्यावी आणि निश्चिंत व्हावं. इथं तिसऱ्या दिवशी अंमलबजावणी झाली!

टेबलांमधून आंटी नाहीशी झाली. चौथ्या दिवशी मागच्या दारातून तरातरा आली ती थेट माझ्यापुढे.

“तूच ना तो लेटरवाला?” ती आपल्या, ‘लाह’चं शेपूट जोडलेल्या इंग्रजीत कडाडली. “मागच्या खोलीत बसवलंय मला. समोर भिंत, हातात चमचे. चमच्यांशी बोलू मी, हां?”

“तुमच्या पाठीसाठी, आंटी...”

“पाठ माझी, लाह! तू विचारलंस?”

“प्रोफेसर, पळ!” कॉफीच्या स्टॉलवरून अंकल ओरडला. मी पळणार कुठे? कोणाला नातू झाला, कोणाचा गुडघा दुखतो, कोण दोन दिवस नाश्त्याला फिरकलेलं नाही, हा तिचा सारा संसार या टेबलांवर मांडलेला होता. आणि मी तो, केवळ दयेपोटी, उठवला होता!

“आता परत लिही,” तिनं फर्मावलं. “मी सांगते तेच.”

मी वहीचं पान फाडलं. ‘जीवनाच्या सायंकाळी’ अशी सुरुवात मी करून पाहिली.

“हे काय?”

मी वाचून दाखवलं.

“खोड.”

खोडता खोडता तीन ओळी उरल्या. पाठ दुखते. बसूनही दुखते. माझी टेबलं मला परत द्या. (हाही अर्ज तिसऱ्या दिवशी फळला, हे आधीच सांगून टाकतो, तुमचा जीव टांगणीला नको.) ‘अर्ज द्यायला मी बरोबर येऊ का?’ असं विचारलं, तर म्हणाली, “तू बस. सूप पी.” मी बसलो.

मग तिनं माझंच पेन घेऊन सावकाश, चिनी अक्षरांत सही केली. मला ती वाचता येईना. आणि तेव्हा उमजलं, की माझ्या त्या दोन पानांत वार्धक्य होतं, कष्ट होते, माउली होती. या बाईचं नाव मात्र कुठेच नव्हतं. असणार कसं? ते मला ठाऊकच नव्हतं! कुणाचं मायबाप होणं किती सोपं असतं. त्यासाठी त्या माणसाची ओळखसुद्धा लागत नाही.

“आंटी,” मी खालमानेनं म्हणालो, “तुमचं नाव काय?”

तिनं पेनाचं टोपण घट्ट बसवलं, पेन माझ्या खिशाला लावलं आणि शांतपणे म्हणाली, “आता विचारतोस?”

मग सांगितलं.