पंक्चरचं नाव काढायचं नाही

आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. ते क्रेनवर बसून स्वतःच येतात.

बाणेरला आम्ही स्पोर्ट्स कार विकतो आणि दुरुस्तही करतो. मी सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे टाय लावून शिव्या ऐकणारा माणूस. आमच्या गाडीची किंमत एखाद्या फ्लॅटपेक्षा जास्त, आणि तिच्यात स्टेपनी नसते. ठेवायला जागाच नसते! त्याऐवजी एक किट मिळतं. त्यात पंक्चर बुजवायची बाटली, हवा भरायचा पंप, चाकाच्या लॉक नटची किल्ली आणि रस्त्यावर मांडायचा लाल त्रिकोण. हे किट जवळ असलं आणि वापरता आलं, तर माणूस आपला आपण घरी येतो. नाही तर आमचा कदम जातो.

कदम मूळचा वाशिमचा, आमचा फील्ड मेकॅनिक. आवाज भसाडा, मॅनेजरशी रोजचं भांडण. हायवेवर ट्रकांकडे पाठ करून बसायचं, हे त्याचं काम. त्याची मागणी एकच होती. डिलिव्हरीच्या दिवशी प्रत्येक मालकाला दहा मिनिटं किट शिकवू द्या. "साहेब, तिथे माझी पाठ उघडी असते," एवढंच तो म्हणायचा.

*

नारायण पेठेतले एक काका मुलाच्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला आले. त्यांनी पुढचं झाकण उघडायला लावलं, मागचं उघडायला लावलं आणि स्टेपनी कुठे आहे म्हणून विचारलं. मी वजन, डिझाइन, टेक्नॉलॉजी असं सगळं पाठ केलेलं बोललो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आपण गाडी फक्त पंक्चर होईपर्यंतच विकता," ते म्हणाले.

मुलगा ओशाळून दुसरीकडे बघू लागला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पंक्चरबद्दल आपणहून विचारणारा तो एकच माणूस, आणि गाडी त्याची नव्हती.

*

हिंजवडीतल्या एका साहेबांचा टायर ताम्हिणी घाटात गेला. कदम व्हॅनमधून दुसरं चाक घेऊन तिथे पोहोचला आणि त्याने लॉक नटची किल्ली मागितली. ती नसेल तर चाक चोरालाही काढता येत नाही आणि आपल्यालाही नाही.

किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये होती! बायकोच्या पाटल्यांशेजारी. पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, सुरक्षित ठिकाणी ठेवा. त्यातून वार रविवार. शेवटी गाडी क्रेनवर घालून आणली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला एक स्टार दिला. का, तर स्टाफ तयारीने येत नाही!

*

हे प्रकरण घेऊन कदम मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसला. आता तरी दहा मिनिटं द्या, म्हणाला. आमचे मॅनेजर तसे सभ्य. डिलिव्हरीला केक असतो, फुलांचा पडदा असतो, ड्रोनने शूटिंग असतं. गुरुजी येतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. पण दहा मिनिटं नाहीत.

"अरे कदम, शुभ दिवशी पंक्चरचं नाव काढतात का? लोकांना आवडत नाही," मॅनेजर म्हणाले.

कदम म्हणाला, की मग अशुभ दिवशी मलाच बोलावतात. मॅनेजर हसले. मीही हसलो. कदम हसला नाही.

*

मुळशीकडच्या एका मालकाची गाडी त्याच्या गावाबाहेरच पंक्चर झाली. कदम पोहोचला तेव्हा सगळी भावकी गाडीभोवती जमलेली. आमच्या गाडीला जॅक विशिष्ट जागीच लागतो, म्हणून तो घाईघाईने सांगायला गेला.

"जॅक कशाला? मानसं हायेत की!" मालक म्हणाला.

माणसांनी गाडी उचलली. म्हणजे गाडी तिथेच राहिली, बाजूची पट्टी तेवढी वर आली. मालक आम्हाला काही बोलला नाही, भावकीला मात्र पुष्कळ बोलला. कदम चाक काढायला बसला तेव्हा त्यातले दोघं न सांगता रस्त्यावर गेले आणि येणाऱ्या गाड्यांना उपरणी हलवून बाजूला घालत राहिले. परत आल्यावर कदम मला म्हणाला, की आज पहिल्यांदाच माझ्यामागे कोणी उभं होतं. मला तेव्हा ते फार काही वाटलं नाही. आता वाटतं.

*

मग बायपासचा कॉल आला. भर दुपारची वेळ. मालक कोथरूडचे, बोलायला अतिशय नम्र. व्हॅन दुसऱ्या कॉलवर होती, म्हणून कदम पंक्चरचं सामान घेऊन बाइकवर निघाला. निघण्याआधी त्याने मला फोनवर विचारायला लावलं, त्रिकोण आहे ना? मालक म्हणाले, आहे आहे.

त्रिकोण होता, पण घरी. डिकीत जागा हवी म्हणून काढून ठेवलेला. कदमने रस्त्याकडेच्या झाडाची एक मोठी फांदी तोडली आणि गाडीच्या बरीच मागे आडवी टाकली. बंद पडलेल्या ट्रकमागे टाकतात तशी. मग त्याने गाडीची चावी मागून खिशात टाकली, कोणी मध्येच गाडी सुरू करू नये म्हणून, आणि चाकाशी बसला.

येणारे-जाणारे वेग कमी करून व्हिडिओ काढत होते. एवढी महागडी गाडी आणि मागे फांदी! मालकांना ते कसंतरीच वाटलं. त्यांनी जाऊन फांदी ओढून झुडपात टाकली. हे त्यांनी स्वतःच पोलिसांना सांगितलं, अगदी सरळपणे. त्यात काही लपवण्यासारखं आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

टेम्पोवाल्याला कदम दिसेपर्यंत उशीर झाला होता. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

*

मालक हॉस्पिटलमध्ये भेटायला आले तेव्हा मी तिथेच होतो. सफरचंदं आणली होती. कदमच्या बायकोला त्यांनी वाकून नमस्कार केला, डॉक्टर कोण आहेत ते विचारलं, आराम करा म्हणाले. कदम हो हो करत होता. मला वाटलं, आता मालक त्या फांदीबद्दल काहीतरी बोलतील.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "गाडीची चावी आपल्या खिशात राहिली होती. दुसरी आहे घरी, पण दोन्ही असलेल्या बऱ्या. गाडी विकतोय. असं झाल्यावर घरात सगळ्यांना ती नकोशी वाटते."

कदमने बायकोकडे बघितलं. तिने खाटेखालची पिशवी ओढली. हॉस्पिटलने परत दिलेले त्याचे कपडे त्यात होते. पँटच्या खिशातून तिने चावी काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

ते उठले. दारापर्यंत गेल्यावर कदमने त्यांना हाक मारली.

"साहेब, त्रिकोण तेवढा द्या हां नव्या मालकाला."

"देणार ना," ते म्हणाले. "अगदी कोरा आहे. पेटीसुद्धा फोडलेली नाही."