वरून ओतलेलं पाणी

"बाटली पायरीवर ठेवा नि जरा मागे व्हा," देवस्थानाचे मानकरी म्हणाले.

मी ठेवली. मागे झाले. त्यांच्या गड्याने तळ्यात कळशी बुडवली आणि हातभर उंचावरून माझ्या बाटलीत पाणी ओतलं. कळशी बाटलीला कुठेही लागली नाही.

थोड्या वेळापूर्वी हेच काका मला ताई म्हणत होते. संगमेश्वरजवळच्या त्या गावात देवळाच्या तळ्यातले मासे मरून वर येत होते. प्रयोगशाळेने मला पाणी तपासायला पाठवलं होतं. काकांनी कोकम सरबत आणायला सांगितलं. मग विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"राजापूरकडचं."

"असं होय. वाडी कुठली?"

आमच्याकडे वाडी विचारली की पुढचं काही विचारावं लागत नाही. मी म्हणाले, "बौद्धवाडी."

सरबत आलंच नाही. काका हसून म्हणाले, "तुम्ही कशाला उतरताय, शेवाळ आहे. आमचा माणूस देईल भरून."

भरलेली बाटली मी उचलली आणि म्हणाले, "थँक्यू, काका."

सवय. घरातली पहिली पदवीधर मी. शाळेतल्या गुरुजींचे, वसतिगृहाच्या मॅडमचे, नोकरी देणाऱ्या साहेबांचे आभार मानत इथवर आले. ते खरे होते. यांचे कशाचे मानले?

राग आला नाही. काहीच आलं नाही. हात आपोआप काम करत होते. बाटलीत दोन रसायनं सोडली. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो. नसला तर पांढरा.

तपकिरी बसला.

"बघा," काका म्हणाले. "तळं चांगलंच आहे. मासे काय, उन्हानेही मरतात. तसंच लिहा."

तसं लिहिलं की विषय मिटला. तळ्याचं पाणी पऱ्यातून वाहत खालच्या वाडीत जातं. ती वाडी कोणाची, ते मला विचारावं लागलं नाही.

पण उंचावरून पडताना पाणी हवा ओढून घेतं. बाटलीतला तो प्राणवायू तळ्याचा नव्हता. ओतण्याचा होता. म्हणून ही बाटली पाण्याखाली धरून भरायची असते, बुडबुडा न येऊ देता.

आंब्याच्या दिवसांत आई खोतांच्या अंगणात ओंजळ धरून पाणी प्यायची. वरून तांब्या. कोपरापर्यंत भिजायची. पदवी मिळाली तेव्हा मला वाटलं, ते संपलं. संपलं नव्हतं. फक्त ओंजळीच्या जागी बाटली आली होती.

मी दुसरी बाटली घेतली. चपला काढल्या. पायऱ्या उतरू लागले.

"ए, वर ये आधी. देवाचं तळं आहे ते." तुम्ही गेलं होतं. ताईही.

"माहीत आहे," मी म्हणाले. "तेच तपासायला आलेय."

हात कोपरापर्यंत बुडवला. बूच पाण्यातच लावलं. वर येऊन त्यांच्यासमोर रसायनं सोडली.

साका पांढरा. चुन्यासारखा.

काका बाटलीकडे बघत नव्हते. माझ्या ओल्या हाताकडे बघत होते.

अहवालात दुसऱ्या बाटलीचा निकाल लिहिला. पहिलीपुढे लिहिलं: वरून ओतलेलं पाणी, ग्राह्य नाही. साहेबांना फोन गेला असेलच. जाऊ दे.

यापुढे प्रत्येक तळ्यात माझाच हात जाईल. जिथे अडवतील, तिथे कोणी अडवलं आणि का, तेही अहवालात लिहीन. आणि वरून ओतलेल्या पाण्याला थँक्यू म्हणणार नाही.