पाचवी सही

“सही राहिली ना बाप्पा!” असं म्हणत चष्मा कपाळावर सरकवायचा आणि अर्ज खिडकीतून परत ढकलायचा, ही आमच्या मोठ्या बाबूंची रोजची कसरत. तुम्हीही कधीतरी अशा खिडकीपुढे उभं राहून मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. मी शेजारच्याच टेबलावर बसून द्यायची.

अमरावतीतलं आमचं कॉलेज. मध्येच शिक्षण सोडून कुणी दाखला मागायला आलं, की बाबू एक पिवळा कागद पुढे करत. त्यावर पाच सह्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाचे सर, इथवर ठीक. चौथी मात्र कँटीनच्या मावशींची! त्या पोहे खाऊ घातल्याशिवाय सहीच करत नसत. पाचवी समुपदेशक बाईंची. हा कागद कुठल्याच नियमात नव्हता. बाबूंनीच तो टाइप करून झेरॉक्स मारून ठेवला होता.

“लेकरांना काहून छळता बाबूजी?” मी विचारायची.

“मी कारकून आहो बाई, डॉक्टर नाही. म्हणून त समजणाऱ्याकडं धाडतो.”

एकदा ते भाचीच्या साखरपुड्याला अकोल्याला गेले आणि वरूडची एक मुलगी दाखला मागायला आली. दोन विषय राहिलेले, चेहरा अगदी शांत. मी मोठी तडफदार! दहा मिनिटांत दाखला तिच्या हातात. जाताना तिनं आपला कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर ठेवला. “कोणाले लागला त देजा.” किती गुणी पोर, असं मला वाटलं.

फुशारकी मारायला बाबूंना फोन लावला. मागे सनई वाजत होती. कॅल्क्युलेटरचं ऐकताच ते ओरडले, “आपली वस्तू वाटून चालली? आधी स्टँडवर जाय! सापडली त एकटी सोडू नको. अन् सरळ विचार, जीव द्याचं मनात आहे का म्हणून. विचारल्यानं काही वंगाळ होत नाही.”

मी धावतच स्टँड गाठला. ती बाकावर बसली होती, आणि समोरून वरूडची गाडी निघून चालली होती.

“अगं, तुझ्या कागदावर सही राहिली,” मी म्हटलं. दुसरं काही सुचेचना. मग विचारलं, बाबूंनी सांगितलं तसंच.

ती ओक्साबोक्शी रडली. “हाव मॅडम,” म्हणाली. मी तिचा हात सोडला नाही. तिथूनच समुपदेशक बाईंना फोन केला, तिच्या वडिलांनाही केला.

आम्ही बाईंकडे पोचलो, त्यानंतर दोनेक तासांनी बाबू आले. डोक्यावर गुलाबी फेटा, खिशात पेढे. ती त्या अवतारात त्यांना बघून रडता रडता हसली. बाबू म्हणाले, “हास. पण दाखला वापस दे. काम कच्चं झालं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला रीतसर पिवळा कागद दिला. मावशींनी दोन प्लेट पोहे चारले. बाईंकडे ती पुढे वर्षभर जात राहिली.

बाबू निवृत्त होऊन बाळापूरला गेले. आता दाखला कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत निघतो आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. पिवळे कागद संपत आले, की झेरॉक्स मारून आणते. खिडकी फार सुनी वाटते हो.

परवा त्यांचा खण साफ करताना तिचा कागद सापडला. ती इथूनच पास होऊन गेली, त्याला किती वर्षं झाली. चार सह्या आहेत. पाचवीची जागा कोरी आहे.