जुनी लाईट बिलं

पासवर्ड टाकायची वेळ आली की श्यामकांत सर म्हणायचे, "गंधाली, तिकडे बघ." तिकडे म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मुलुंडला त्यांच्या हॉलच्या एका कोपऱ्यात आमचं वेबसाइट बनवायचं काम चालायचं. वर्षभर मी ते कॅलेंडर इतकं पाहिलं की कुठल्या तारखेला दूध आलं नाही, हे मला तोंडपाठ झालं होतं. त्या खुणा क्षमाकाकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. काम शिकवताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. पण संशय त्यांच्या अंगातच मुरलेला. वॉचमन कुरिअर उघडून परत चिकटवतो, केबलवाला घरातलं बोलणं ऐकतो. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तर सर एक मजला वर जाऊन जिन्याने खाली यायचे. घरातल्या दोन्ही मोबाईलना त्यांनी एकच खातं जोडलं होतं. सोय म्हणून, असं सांगायचे. काकू कुणाचे फोटो काढतात ते त्यांना दिसावं, ही ती सोय!

तेव्हा आम्ही वेसाव्याच्या कृष्णाबाईंची सुक्या मासळीची साइट करत होतो. ती इंटरनेटवर चढायची होती. पानं, फोटो, डेटाबेस, सगळं अजून सरांच्या लॅपटॉपवरच उभं होतं. काम संपलं की सर त्या सगळ्याची एक झिप फाइल करून त्याच खात्याच्या क्लाउडवर ठेवायचे, अर्थात मला तिकडे बघायला लावून. लॅपटॉप गेलाच तर ती झिप उतरवून साइट दुसऱ्या मशीनवर जशीच्या तशी उभी करता येते.

आणि लॅपटॉप गेलाच. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. सरांनी नवा आणला, क्लाउड उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बॅकअप नाहीये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू पासवर्ड पाहिलास."

"सर, मी तिकडे बघत होते ना! तुम्हीच तर सांगता."

"कॅलेंडरच्या बाजूला शोकेस आहे. काचेत सगळं दिसतं. कोणाला दिलीस फाइल? पर्स दाखव."

मी पर्स टेबलावर पालथी केली. डबा, कंगवा, मेट्रोचं कार्ड आणि ताईच्या लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह. तो त्यांनी उचलून खिशात टाकला. आमच्या घाटकोपरच्या घरात कोणी कोणाची पर्स उघडत नाही. शिवाय या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात. गंधालीने काम चोरलं, एवढं सर एखाद्याशी जरी बोलले असते, तरी माझी वाट लागली असती. रडू फुटत होतं, पण यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून मी विचारलं, "फाइलचं नाव काय होतं, सर?"

ते पुटपुटले, "जुनी लाईट बिलं."

"काय?"

"चोराला कळू नये म्हणून. आई बांगड्या तांदळाच्या डब्यात ठेवायची, तसं."

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, ती बिलं ना? मीच काढून टाकली. मोबाईलवर सारखं जागा भरली, जागा भरली येत होतं."

त्यांची ती सोय त्यांनाच भोवली होती. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"काढलेली फाइल लगेच जात नाही, सर. क्लाउडच्या बिनमध्ये, कचरापेटीत बघा," मी म्हटलं.

तिथे ती होती. मी ती परत जागेवर आणली, उतरवली. झिपचा पासवर्ड सरांनी टाकला, तेव्हा मी सवयीने मान वळवली. मग डेटाबेस चढवला, एक सेटिंग अडलं होतं ते सोडवलं. जेवायच्या वेळेपर्यंत कृष्णाबाईंचे बोंबील स्क्रीनवर पुन्हा वाळत पडले.

सरांनी पेन ड्राइव्ह परत दिला. "सॉरी," म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मला हायसं वाटलं. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी आवाज खाली आणला.

"पासवर्ड बदलतोय. या वेळी तू बघ. पण क्षमाला सांगू नकोस. तिने मुद्दाम काढली नसेल कशावरून?"

मी वर पाहिलं. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कोणी काही म्हणायच्या आतच त्यांनी कॅलेंडरकडे तोंड फिरवलं, इतक्या सहज, की माझ्या आधी कितीतरी वर्षं तिकडे त्याच बघत आल्या असणार.

मी उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला. सर की-बोर्डावर हात आडवा धरून थांबले होते.