मीठ सोडा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळीच्या मळ्यात वांगी तोडत होतो. दाजी म्हणजे अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बारामतीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. महिना झाला, पण गप्प बसलेले दाजी मला अजून कल्पनेतही दिसत नाहीत...

एकोणीसशे पन्नासच्या दशकात, लग्नानंतर ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आमच्या घरावर अवकळा होती. कालव्याखालच्या तुकड्यावर मातीतून पांढरं फुटून वर आलं होतं, ऊस पिवळा पडलेला. माझे वडील, आबा, तो तुकडा पडीक टाकायला निघाले होते. नवे जावई ताटावर बसायचे सोडून रानात! त्यांनी पांढरी माती खरवडून आणली, पाण्यात ढवळली आणि वरचं निवळ पाणी तव्यावर आटवलं. तव्यावर पांढरा थर जमला. मग बांधावरच्या चुनखडीचा चुरा ढवळून तसंच केलं. तवा जवळजवळ कोरा.

"आबा, चुनखडी कार्बोनेट आणि धुण्याचा सोडाही कार्बोनेट. आडनाव एक, पण चुनखडी पाण्याला दाद देत नाही, सोडा लगेच विरघळतो. तुमचं पांढरं सोड्या-मिठाच्या भावकीतलं. विरघळतंय, म्हणजे धुऊन जाईल. खोल चर खणा, भरपूर पाणी द्या आणि मीठ सोडा!"

आबांनी चर खणले, पाणी दिलं. पुढच्या साली तुकडा हिरवागार झाला आणि दाजी पुन्हा जेवायला आले. आई मीठ वाढताना आबांचं ताट टाळून पुढे गेली.

"आबा, मीठ नको?"

"तुमीच म्हनला न्हवं, मीठ सोडा? तवापास्नं सोडलंय."

वर्षभर आळणी भाकरी-कालवण! आम्हाला वाटायचं, नवस असेल. दाजी हसता हसता रडायलाच लागले. "अहो, चरात सोडा म्हणालो होतो मी!"

आबा हटले नाहीत. "असू द्या. रान चरानं सुधारलं का माज्या आळनी खान्यानं, कुनाला ठावं?"

दाजींनी आईच्या हातातून मिठाची वाटी घेतली आणि आबांच्या ताटात स्वतः चिमूटभर वाढलं. तेव्हापासून आमच्या पंगतीत मीठ वाढायचं काम त्यांचंच.

त्यांच्या तेराव्याला सगळं वाढून झालं, पण मिठाला कुणी हात लावेना. सगळे माना खाली घालून आळणीच जेवायला लागलो. अक्का आतून आली, ताटं बघितली आणि कडाडली, "त्ये न्हाईत म्हनून मीठ सोडायचं व्हय रं?"

वाटी घेऊन ती एकेकाला वाढत गेली. माझ्या ताटात जरा जास्तच पडलं. मी तसंच खाल्लं.